जुने पाते, नवी मूठ

सन २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रघूजी भोसले यांची तलवार लंडनमधील लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना मिळविली, याचा राज्यभर आनंद झाला. मात्र तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे, हे वाचून काही जण चपापले असतील. वस्तुतः त्यात नवल नाही. परदेशी पात्याला देशी मूठ बसविलेल्या ‘फिरंग’ तलवारींना मराठा सरदारांत मोठी प्रतिष्ठा होती. तेव्हा पाते एकीकडचे व मूठ दुसरीकडची, एवढ्यावरून तलवार खोटी ठरत नाही. बदल केव्हा झाला आणि तो लपविला काय, हाच खरा प्रश्न होय.

जाणकार प्रथम सांधा पाहतो. जुने कारागीर पात्याचे शेपूट मुठीत राळेने वा लाखेने पक्के करीत. तेथे आधुनिक रासायनिक चिकटद्रव्य आढळले, तर जोडणी अलीकडची. अर्थात ती प्रामाणिक दुरुस्तीही असू शकेल. सोन्याच्या कोफ्तगरीत पोलादावर आधी बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडून त्यांवर सोन्याची तार ठोकतात. सोने झिजले की त्या रेघा उघड्या पडतात. नुसत्या मुलाम्याखाली त्या नसतात. जौहरदार पोलादाची लहरदार नक्षी धातूच्या घडणीतच असते. साध्या लोखंडावर आम्लाने चितारलेली नक्षी मात्र केवळ पृष्ठभागावरची. पात्यावरील नावावरही विसंबता येत नाही. आंद्रेआ फेरारा या इटालियन कारागिराचे नाव पुढे अनेकांनी आपल्या पात्यांवर कोरले.

खऱ्याखोट्याची पारख नसलेला ग्राहक चांगल्या मालालाही पूर्ण किंमत देण्यास कचरतो आणि मग चांगला मालच बाजारातून नाहीसा होतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. जुन्या शस्त्रांनाही हा न्याय लागू पडतो. येथे हानी केवळ पैशाची नाही. पात्यावर नव्याने कोरलेले एखाद्या सरदाराचे नाव प्रदर्शनातून विद्यार्थ्याच्या वहीत जाते आणि तेथे इतिहास बनते.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याने अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना आवश्यक ठरविला. पण परवाना म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे. म्हणून सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक खरेदीबरोबर कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला व कोणता अनिर्णित, याचा तज्ज्ञांचा लेखी अहवाल प्रसिद्ध व्हावा. संग्रहालयातील पाटीवरही तेच नमूद असावे. पूर्वजांविषयीचा अभिमान अशा परीक्षेने उणावणार नाही. उलट तो अधिक भक्कम पायावर उभा राहील.