मुद्दल कीं उत्पन्न?

एखाद्या शेतकऱ्यानें दरसाल एकरभर जमीन विकली आणि आलेली रक्कम आपल्या वहींत ‘उत्पन्न’ म्हणून जमा केली, तर शेजारी त्यास काय म्हणतील, हें आमच्या वाचकांपैकीं लहानसा विद्यार्थीहि सांगूं शकेल. परंतु राष्ट्रांच्या जमाखर्चांत हाच प्रकार राजरोसपणें चालतो. खनिज विकलें कीं त्याची किंमत राष्ट्रीय उत्पन्नांत धरली जाते; भूमीच्या पोटांतून तें कायमचें गेलें, याची वजावट त्या आंकड्यांत होत नाहीं.

पॅसिफिक महासागरांतील नाउरू हें बेट अवघें २१ चौरस किलोमीटरांचें. शेतीच्या खतास लागणारें फॉस्फेट तेथें विपुल होतें. विसाव्या शतकाच्या आरंभापासून परकीयांनीं तें खणून नेलें. १९६८ सालीं बेट स्वतंत्र झाल्यावर तोच धंदा तेथील लोकांनीं आपल्या हातीं घेतला. थोड्याच वर्षांत दरडोई उत्पन्नांत त्यांची गणना जगांतील अत्यंत श्रीमंत राष्ट्रांत होऊं लागली, आणि मेलबर्न शहरांत त्यांनीं ५२ मजल्यांची इमारत उभारली. पुढील पिढ्यांसाठीं त्यांनीं निधिहि ठेविला होता, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण उधळपट्टीनें व फसलेल्या व्यवहारांनीं तो बहुतेक आटला. फॉस्फेट सरत आलें, २००४ सालीं ती इमारतहि विकावी लागली. बेटाचा सुमारें चार-पंचमांश भाग खणला जाऊन तेथें चुनखडीचे ओसाड सुळके तेवढे उरले.

अशी झीज मोजण्याची एक रीत जागतिक बँकेनें घातली आहे. खनिजाच्या शिल्लक साठ्याची किंमत तो जितकीं वर्षें पुरेल तितक्यांनीं भागावयाची, आणि येणारी रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा किती, तें मांडावयाचें. लोखंड, तांबें, सोनें, कथील यांजबरोबर फॉस्फेटहि त्यांत येतें. ही रीत निर्दोष नाहीं. बाजारभाव उतरला कीं तितकेंच खनिज खणूनहि झीज कमी दिसते. बुजलेले ओढे व नासलेलीं शेतें तर तींत येतच नाहींत. तरी जेथें जेथें देशाचें उत्पन्न छापतात, तेथें त्याच ओळींत हा आंकडाहि छापावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या शेजारीं गोव्यांत लोखंडाच्या खाणी आहेत. तेथील खनिजाच्या विक्रीपैकीं शेंकडा दहा भाग कायम निधींत टाकावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. आम्हांस तो योग्य वाटतो. मात्र उरलेल्या नव्वदांतून खोदाईचा खर्च व खाणवाल्याचा वाजवी नफा वजा जातां जें राहतें, तेंहि मुद्दलच. आणि तें त्या निधींत नाहीं.