शतावरीचा वाफा

शतावरी म्हटली की आपल्याला बाळंतिणीचा शतावरी कल्प आठवतो. इथे मिशिगनमध्ये आमच्या परसात आहे ती तिची चुलत बहीण, अ‍ॅस्परॅगस. तिची मुळं खायची, हिचे कोवळे कोंब.

शनिवारी वाफा साफ केला. मागच्या वर्षीची शेपूसारखी पिसारेदार झाडं वाळून उभी होती, ती जमिनीलगत कापली. हिवाळ्याआधीच कापावीत असं शेजारच्या आजोबांचं मत. मी मुद्दाम ठेवते, त्यांच्यात बर्फ अडकतं आणि खाली मुळांना पांघरूण मिळतं. पण आता मात्र लांब नेऊन टाकायची, कारण पोकळ देठांत भुंगेरे थंडी काढतात. तण हातानेच उपटलं. खुरपं खोल गेलं तर वर यायला निघालेला कोंब मोडतो. आजोबा म्हणाले, "मीठ टाक, तण मरेल." जुनी पद्धत आहे खरी आणि अ‍ॅस्परॅगसला खारटपणा सोसतोही. पण माती नासते त्याचं काय? आणि शेजारच्या वाफ्यातल्या मेथीने कुणाचं घोडं मारलंय? मग वरून इंचभर कंपोस्ट पसरलं. झालं.

तर सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. २०२३ मध्ये हे गड्डे लावले तेव्हा घर भाड्याचं होतं (अजूनही आहे) आणि नवऱ्याच्या व्हिसाची तीनच वर्षं उरली होती. पीक तर असं की पहिल्या वर्षी हात लावायचा नाही, दुसऱ्या वर्षी जेमतेम, तिसऱ्या वर्षी थोडं. मग मात्र पंधरा-वीस वर्षं घेत राहा. मावशी फोनवर म्हणाली, "अगं, कुणासाठी लावतेस? कोथिंबीर लाव, महिन्यात खा!"

इथले आपले बरेच लोक असेच राहतात. पडदेसुद्धा स्वस्तातले, कारण कधी जावं लागेल सांगता येत नाही. आम्हीही कितीतरी वर्षं तसेच काढली. आता मला ते पटत नाही. पुढचं माहीत नाही म्हणून आज फक्त महिन्याभराचं पेरायचं, यात शहाणपण कमी आणि धास्ती जास्त आहे. (कोथिंबिरीवर राग नाही हं, मावशी.)

यंदा पहिल्यांदाच पूर्ण सहा आठवडे तोडता येईल. काल माती आठ अंशांवर होती, दहाच्या आसपास गेली की कोंब वर येतात. मुदतवाढीचा कागद मात्र अजून आलेला नाही.

जूनच्या मध्यावर तोडणं थांबवून झाडं वाढू द्यायची, हे आजोबांना सांगून ठेवलंय. आणि मीठ टाकायचं नाही, हेही.