स्वस्त वायूची किंमत

रशिया नैसर्गिक वायूचं शस्त्र करतो, हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्यांदा छापून आलं आहे की ते तपासून पाहायची गरज कुणालाच वाटत नाही. वाक्यासोबतचं चित्रही ठरलेलं असतं. कडाक्याची थंडी पडलेली, मॉस्कोत कुणीतरी नळ पिरगाळतो आणि दूर कुठेतरी शेगड्या विझतात. हे चित्र मला खोटं वाटत नाही, सोयीचं वाटतं. त्यात गुन्हेगार एकच असतो आणि गुन्हा एका रात्रीत घडतो. माझं म्हणणं असं की वाहिनीचं खरं राजकारण नळ चालू असताना चालतं. शस्त्र म्हणायचंच तर ते सवलतीला म्हणावं लागेल.

युक्रेनचंच पाहा. १ जानेवारी २००६ रोजी गाझप्रॉमनं त्याचा पुरवठा तोडला. त्याआधी युक्रेन हजार घनमीटरमागे ५० डॉलर देत होता आणि मागणी होती २३० डॉलरची. रशियाची बाजू घेणारे तेव्हा म्हणाले, आणि आजही म्हणतात, की बाजारभाव मागितला तर त्यात राजकारण कुठलं? युक्रेन बिलं थकवत असे, हेही खरंच. पुढे दर बाजाराच्या चालीनं बदलला असता, तर मी हा युक्तिवाद मान्य केला असता. तो बदलला कीव्हच्या खुर्चीवर कोण बसलं आहे ते पाहून.

एप्रिल २०१० मध्ये खारकीव्हला करार झाला. दरात हजार घनमीटरमागे १०० डॉलरपर्यंत सूट आणि तिच्या बदल्यात सेवास्तोपोल बंदरातला रशियन आरमाराचा मुक्काम २०१७ ऐवजी २०४२ पर्यंत. २०१३ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांनी युरोपीय संघाशी व्हायचा करार बाजूला ठेवला आणि डिसेंबरात दर २६८.५ डॉलरवर आला. फेब्रुवारीत ते पळून गेले, मार्चमध्ये रशियानं क्रिमिया घेतला आणि एप्रिलमध्ये दर ४८५ डॉलर झाला. बंदरापोटी दिलेली सूटही गेली, कारण बंदरच आता रशियाच्या ताब्यात होतं. चार महिन्यांत वायू तोच, वाहिनी तीच, अंतरही तेवढंच. बाजार इतका आज्ञाधारक कुठे असतो?

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, मिंधा. मिंधा माणूस गुलाम नसतो. त्याला कुणी बांधलेलं नसतं, उलट त्याचं बरं चाललेलं असतं. फक्त ऐन बोलायच्या वेळी त्याची जीभ जड होते.

जर्मनीची झाली. १९७० मध्ये पोलादी नळांच्या बदल्यात सोव्हिएत वायू असा सौदा झाला, तेव्हा त्यात शहाणपण होतं. शीतयुद्ध चालू असताना वायू वाहत राहिला आणि व्यापारानं वैर निवळतं ही श्रद्धा तिथं घट्ट झाली. २००५ मध्ये युक्रेन आणि पोलंडला वळसा घालून बाल्टिक समुद्राखालून जाणारी 'नॉर्ड स्ट्रीम' ठरली. ती ठरवण्यात पुढाकार घेणारे चॅन्सेलर गेऱ्हार्ड श्रोडर यांनी पद सोडलं आणि काही आठवड्यांतच तिच्या भागधारक समितीच्या अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव जाहीर झालं. क्रिमिया गेल्यावर दीड वर्षानं दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीमचा करार झाला आणि बर्लिन सांगत राहिलं, हा निव्वळ व्यापार आहे. २०२२ चं युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक रशियाचा होता. ही अवस्था नळ बंद करून आलेली नव्हती. पन्नास वर्षं नळ चालू ठेवून ती आली होती.

मित्राची गत याहून वाईट. मोल्दोवापासून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियात रशियाचं सैन्य आहे. तिथले लोक रशियन वायू जवळजवळ फुकट वापरत. १ जानेवारी २०२५ ला युक्रेनमार्गे होणारी वाहतूक थांबली. तुर्कस्तानमार्गे वायू पाठवणं शक्य होतं, पण गाझप्रॉमनं मोल्दोवाच्या थकबाकीकडे बोट दाखवलं आणि तो पाठवला नाही. भर हिवाळ्यात रशियाच्याच पाठीराख्यांची घरं गार पडली आणि गरम पाणी बंद झालं.

लिथुआनियाची गोष्ट उलटी आहे. रशियाच्या जवळ असूनही तो जर्मनीपेक्षा महाग वायू घेत होता, कारण त्याला दुसरा विक्रेताच नव्हता. त्यानं द्रवरूप वायूचं तरंगतं टर्मिनल भाड्यानं आणलं. 'इंडिपेंडन्स' नावाचं ते जहाज ऑक्टोबर २०१४ मध्ये क्लायपेडा बंदरात लागलं. गाझप्रॉमनं दर उतरवला होता त्याच वर्षीच्या मे महिन्यात, जहाज यायच्या आधीच.

म्हणून जहाज म्हणजे मुक्ती, असंही मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं आपल्या द्रवरूप वायूचं 'स्वातंत्र्याचा वायू' असं बारसं केलं होतं. तीन वर्षांनी युरोपनं वाटेल तो दर देऊन जगभरातली वायूची जहाजं आपल्याकडे ओढली. त्या जुलैत पाकिस्तानच्या निविदेला एकही विक्रेता आला नाही. बांगलादेशानं चढ्या दरांपुढे हात टेकून खुल्या बाजारातली खरेदी थांबवली आणि तिथं भारनियमन सुरू झालं. बर्लिन मिंधेपणातून सुटलं, त्याचं बिल ढाक्यानंही भरलं. नैतिकतेच्या व्याख्यानांत हा हिशेब मला कुठे दिसला नाही.

आपणही यातून वेगळे नाही. युद्धाआधी भारताच्या खनिज तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता. पुढच्या दोनेक वर्षांत तो एक तृतीयांशाच्या वर गेला, कारण सवलत. तेल जहाजानं येतं आणि जहाज वळवता येतं, म्हणून आपण जर्मनीइतके अडकलेलो नाही, हे मान्य. पण सवलत घेणाऱ्यानं 'हा निव्वळ व्यापार' म्हणू नये. हे वाक्य बर्लिननं वापरून झिजवलं आहे.

भाषेवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांची जबाबदारी इथं येते. रशियाच्या तेलवाहिनीचं नाव 'द्रुझ्बा', म्हणजे मैत्री. युक्रेनमधून जाणाऱ्या वायुवाहिनीचं 'ब्रात्स्त्वो', म्हणजे बंधुत्व. इराणहून पाकिस्तानमार्गे भारतात यायच्या वाहिनीला आपण 'शांतीची वाहिनी' म्हणत होतो. यातली एकही व्यवस्था मैत्रीवर चालत नाही. ती दराच्या सूत्रावर चालते आणि ते सूत्र बहुधा करारात गुप्त असतं. पुढच्या वेळी कुणी अशी वाहिनी गोड नावानं आणली, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. दर कसा ठरतो ते आम्हाला कळेल का? आलेला वायू आम्हाला दुसऱ्याला विकता येईल का? दुसरा विक्रेता आहे का? उत्तरं मिळाली नाहीत तर नाव काहीही असो, ती वाहिनी मिंधेपणाची आहे, आणि तसं स्पष्ट लिहावं.