साधा फोन आणि शाळेचा गृहपाठ

सातवीतली मुलगी रोज एसटीने वैरागच्या शाळेत येते. तिला पहिला फोन कोणता घ्यावा, असे तिच्या शेतमजूर वडिलांनी मला विचारले. मी म्हणालो, बटणांचा. गाडी चुकली तर घरी कळवता यावे, एवढीच तिची गरज. स्मार्टफोनवर जे फुकट मिळते त्यातील बहुतेकांचा धंदा मुलांचे लक्ष गोळा करून जाहिरातदारांना विकण्याचा आहे.

"पण सर, अभ्यासच व्हॉट्सॲपवर येतो, त्याचे काय?" या प्रश्नापुढे घरगुती शहाणपण अपुरे पडते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर गेली. अडचणीतील ती सोय पुढे वहिवाट झाली आणि तिचा भार मजुरीवर पडला.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली, सायंकाळी सातचा भोंगा वाजताच दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले. एकट्या घराला जे जमत नाही, ते गाव मिळून ठरवू शकते. म्हणून कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समित्यांत आग्रह धरावा : गृहपाठ फळ्यावरून वहीत, निरोप साध्या फोनवर. साधा फोन घेतला म्हणून कोणाचेही मूल मागे पडता कामा नये.