चोरी करणारा श्याम चालतो, मग लंपन का नको?


'मुलांच्या हाती मोठ्यांची पुस्तके नकोत' हे पत्र वाचले. सातवी ते दहावीच्या मुलांना फक्त संस्कारकथा द्याव्यात, हा त्यातला आग्रह पटला नाही. पत्रलेखकांनी 'श्यामची आई'चा दाखला दिला आहे. पण साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेला हा श्याम पुस्तकासाठी पैसेही चोरतो. मुलांना तो आपला वाटतो तो त्याच्या चुकांमुळेच.

मी वीस वर्षे मराठी शिकवते. सातवीला 'फास्टर फेणे' दिला की पोरे दुसऱ्या दिवशी पुढचा भाग मागतात. आठवीत प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' द्यावे. आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या लंपनच्या मनातला गोंधळ त्या वयाचाच आहे. कानडी वळणाची बोली पहिली दहा पाने अडते. ती मी वर्गात मोठ्याने वाचते, पुढे गाडी आपसूक धावते. नववीला माडगूळकरांची 'बनगरवाडी': नवखा मास्तर, मेंढरे, दुष्काळ. पुस्तक लहानखुरे, वाक्ये छोटी, पण संपल्यावर वर्ग गप्प होतो. विज्ञानाची ओढ असलेल्यांना वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर'.

एका मुद्द्यावर मात्र पत्रलेखकांशी सहमत आहे: सगळी पुस्तके सगळ्यांना नकोत. पण ते इयत्तेवरून नव्हे, मूल ओळखून ठरवावे. आणि त्याआधी ग्रंथालयाच्या कपाटाचे कुलूप काढावे.

— एक माध्यमिक शिक्षिका, सातारा