🐍 साप चावला? नोंद झालीच पाहिजे



आज फवारणीचा सल्ला नाही. विषय सापाचा आहे, आणि माझं मत स्पष्टच सांगतो.

आपल्या देशात साप चावून किती माणसं जातात? 2000 ते 2019 या 20 वर्षांचा अंदाज आहे 12 लाख. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरात, ऐन हंगामात! सरकारी दवाखान्यांच्या नोंदीत मात्र यातला थोडाच भाग दिसतो.

मग हा अंदाज काढला कसा? देशभरातली ठराविक गावं-वस्त्या निवडून घरोघरी विचारलं, "घरातलं माणूस कशानं गेलं?" ती माहिती डॉक्टरांनी वाचून कारण ठरवलं. 2001 ते 2003 मधल्या मृत्यूंचं असं पाहिलं, तर सर्पदंशाने गेलेल्या चौघांपैकी तिघे दवाखान्याबाहेरच गेले होते. मग रजिस्टरला नाव लागणार कसं?

चावून वाचलेल्यांचं तर आणखी अवघड. 2015 सालासाठी अंदाज आहे 11 ते 18 लाख दंश. एवढा फरक पडतो, कारण बरेच जण दवाखान्यात जातच नाहीत.

मागे एका गटाच्या बैठकीत मी विचारलं, घरात किंवा भावकीत कुणाला साप चावलाय? बहुतेक हात वर. केसपेपर कुणाकडे आहे? दोनच हात.

माझं म्हणणं एवढंच, की जे कागदावर नाही ते सरकारला दिसत नाही. नोंदच नसेल तर आपल्या आरोग्य केंद्रात लस जास्त ठेवा, हे कशाच्या जोरावर मागणार? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश बसतो, पण तिथेही कागद लागतातच. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने सर्व राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलंय. पण माणूस मांत्रिकाकडेच नेला तर नोंद कोण करणार?

म्हणून:
✅ 108 ला फोन करा, थेट दवाखाना गाठा. मण्यार चावल्यावर दुखतही नाही, तरी थांबू नका.
❌ आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका.
✅ केसपेपरवर "सर्पदंश" लिहून घ्या, कागद जपून ठेवा.

जीव आधी, कागद नंतर. पण दोन्ही मिळतात दवाखान्यातच.

– आपला कृषी सल्लागार