गरजेल तो वाजेल काय?

इलेक्ट्रिक गिटारचा व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर 'सुधारणारी' मंडळी पाहिली, की मला मिसळीवर तर्री ओतणारे आठवतात. मिसळ दिसेनाशी झाली तरी यांचं आपलं, "आणखी घाला!"

१९६२ साली लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात फेंडर बेसमनचा आराखडा समोर ठेवून पहिला मार्शल अँप बनला. तेव्हापासून जो उठतो तो त्याला आणखी एक व्हॉल्व्ह जोडतो. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून महागडे कपॅसिटर! अहो, कपॅसिटरला स्वतःची किंमत कळत नाही; त्याला कळतात फक्त मायक्रोफॅरड.

त्यापेक्षा पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर तो काढून ०.६८ चा बसवा. खर्जाची चरबी आधीच झडते. मग सूर फाटला तरी त्याचा चिखल होत नाही. मात्र जपून! प्लग काढल्यावरही आत चारशेएक व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. ते जाणकाराकडून आधी उतरवून घ्या.

सुधारणा म्हणजे भर घालणं, हे सांगितलं कुणी? तबला सुरात लावतात तो हातोडीनं ठोकून. शेजारी आणखी चार तबले मांडून नव्हे!